बिनचौकटीच्या काचा आणि भिजलेलं कार्पेट

गाडी दोन आसनी, कापडी टपाची, वीसेक वर्षं वापरलेली. मालकाची तक्रार अशी होती: गाडी पावसात उभी असताना काही होत नाही, पण वेग धरला की चालकाच्या बाजूच्या काचेच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब मांडीवर पडायला लागतात. शेजारच्या सीटकडे मात्र गळताना कधीच काही दिसत नाही, तरी पायाखालचं कार्पेट कायम ओलं आणि सकाळी सगळ्या काचांवर आतून बाष्प. आधी एका ठिकाणी चालकाच्या बाजूचं रबर नवं बसवून झालं होतं. उरलेल्या जिथे जिथे फट दिसली तिथे सिलिकॉन भरलं होतं. गळतीत फरक शून्य.

"अजून कुठलं रबर बदलायचं ते सांगा," एवढंच मालकाचं म्हणणं होतं. टपाच्या गाडीची गळती म्हटलं की सगळे आधी रबराकडेच बोट दाखवतात. रबर डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि विकत मिळतं, त्यामुळे हे साहजिक आहे. या गाडीत दोन बाजूंना दोन वेगळ्या जातींच्या गळत्या होत्या आणि नवं रबर दोन्हींवर उपाय नव्हतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

नेहमीच्या गाडीत दरवाज्याच्या काचेभोवती पत्र्याची चौकट असते. काच चौकटीतल्या चॅनेलमध्ये सरकते आणि दरवाजा लावला की ती चौकट रबरावर दाबली जाते. टपाच्या गाडीला ही चौकट नसते. काचेची उघडी कड सरळ रबरावर जाऊन टेकते: पुढे ए-पिलरवरच्या (समोरच्या काचेच्या कडेचा खांब), वर टपाच्या बाजूच्या आणि मागे टपाच्या मागच्या पट्टीवरच्या. यातलं पिलरचं रबर गाडीच्या अंगावर बसलेलं असतं, बाकीची दोन टपाबरोबर उघडतात आणि मिटतात. म्हणजे काच रबराला नीट भेटणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: दरवाजा बिजागरीवर कसा लटकला आहे, टप कुठे येऊन बसला आहे आणि दरवाज्याच्या आत काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर ती कशी धरली आहे. रबर फक्त उरलेलं दोन-चार मिलिमीटर अंतर भरून काढतं. त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागू नये.

दुसरं, या गाड्यांमध्ये सगळं पाणी बाहेरच थोपवायचा प्रयत्न मुळात केलेलाच नसतो. रबराच्या बाहेरच्या ओठातून थोडं पाणी आत येणार हे धरूनच त्याच्या मागे एक पन्हळ ठेवलेली असते. तिच्यातून पाणी पिलरच्या कडेनं खाली उतरून बाहेर जातं. दरवाज्याचंही तसंच. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाज्याच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. बाहेरून दिसणारी काचेची खालची पट्टी काच पुसते, पाणी अडवत नाही. म्हणून अशा गाडीची गळती शोधताना ‘पाणी आत कुठून आलं’ यापेक्षा ‘पाण्याची बाहेर जायची वाट कुठे मोडली’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. सगळीकडे सिलिकॉन भरणारा माणूस नेमकी ती वाटच बुजवतो.

वेगात गळती

मालकाच्या सांगण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट होती ‘वेग धरला की’. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण ४७० पास्कल भरतो. बाजूच्या काचेवर, विशेषतः ए-पिलरच्या मागे जिथे हवा भोवरे घेत वळते तिथे, बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि काच बाहेर ओढली जाते. काचेचं उघडं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरलं आणि ओढही तेवढ्याच दाबाची धरली, तर सुमारे १४ किलो वजनाइतका जोर होतो. वेग निम्मा केला की हा जोर चौथा हिस्सा, म्हणजे साडेतीन किलो उरतो. चौकटीच्या गाडीत तो चौकट पेलते. इथे काच दरवाज्याच्या कमरेपाशी, म्हणजे ती दरवाज्यातून वर येते तिथे, धरलेली आणि वर मोकळी. तिची वरची कड बाहेर सरकते आणि आधीच जेमतेम टेकलेली जागा उघडी पडते.

तेव्हा अंगणात पाइप सोडून गळती दिसली नाही, तर गाडी कोरडी आहे असं समजायचं कारण नाही. आम्ही एकाला आत बसवून काचेच्या पुढच्या वरच्या कोपऱ्याजवळ तळहातानं बाहेरच्या दिशेनं दाब द्यायला सांगितला आणि दुसऱ्यानं झारीनं पाणी घातलं. थेंब लगेच आले. हात काढला की बंद. धावत्या गाडीतली तक्रार उभ्या गाडीत दाखवता आली की अर्धं काम झालं असं मी मानतो, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच जागी तपासता येते.

पाणी घालण्याबद्दल थोडं. जोराचा फवारा वापरू नये. त्यानं चांगल्या रबराचाही ओठ उचलला जातो आणि नसलेल्या गळत्या दिसायला लागतात. मंद धार, खालून सुरुवात, एका वेळी हातभर जागा आणि प्रत्येक जागेला काही मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कोणत्या जागेनं दगा दिला ते कळत नाही. आत उंबऱ्यावर, पिलरच्या तळाशी आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्यात. पहिली कोणती भिजते ते बघत बसणं कंटाळवाणं असतं, पण हातात टॉर्च घेऊन डोकं वाकडं करण्यापेक्षा खात्रीचं.

मग टाल्कम पावडर. काचेची कड पुसून कोरडी केली, रबरावर ब्रशनं पावडरीचा हलका थर दिला, दरवाजा अलगद लावून उघडला आणि काचेवर उमटलेला पट्टा पाहिला. मागे आणि वर तो चांगला रुंद होता. पुढे येता येता तो बारीक होत गेला आणि कोपऱ्याजवळच्या शेवटच्या चार बोटांत काहीच उमटलं नाही. कागदाची पट्टी दरवाज्यात धरून ओढली तेव्हाही हेच: मागे ती अडून राहत होती, पुढे आपसूक निसटत होती. नवं रबर त्या जागी काचेला धड शिवतही नव्हतं.

इथे थांबून काच आत ओढून घेतली असती तरी बहुधा थेंब कमी झाले असते. पण एक शंका होती. पाणी काच आणि रबर यांच्या मधून येत होतं, की रबर ज्या धातूच्या पट्टीत बसतं तिच्या मागून? दोन्ही ठिकाणचं पाणी आत एकाच जागी पडतं. ते वेगळं करायला काच आणि रबर यांचा सांधा बाहेरून पाणी न सोडणाऱ्या टेपनं पूर्ण बंद केला आणि परत झारी धरली. काचेवरचे थेंब थांबले. पण काही वेळानं ए-पिलरच्या आतल्या आच्छादनाखालून एक बारीक ओघळ आला. म्हणजे वाटा दोन होत्या.

रबर काढून ती पट्टी सोडवली तेव्हा सगळं उलगडलं. पट्टीला स्क्रूची भोकं लांबट असतात, म्हणजे ती थोडी आतबाहेर सरकवून बसवता येते. नवं रबर बसवताना ती पार आत ढकललेली होती, त्यामुळे रबर काचेपासून लांब गेलं होतं. शिवाय पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये सील म्हणून काहीच नव्हतं. स्क्रूच्या भोकांभोवती गंज धरला होता आणि त्या भोकांतूनच पाणी पिलरच्या आत उतरत होतं. रबर अस्सल होतं, नवं होतं, आणि चुकीच्या जागी बसलं होतं.

दुरुस्तीचा क्रम

अशा कामात क्रम चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं. वरचं आणि मागचं रबर टपावर असतं, म्हणून आधी टप. टप जागेवर बसला की दरवाजा. काच सर्वांत शेवटी. काच आधी जुळवून नंतर टपाची खिटी आवळली, तर आधीची जुळवणी वाया.

टपाच्या दोन्ही खिट्या ढिल्या झाल्या होत्या. टप समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकत होता, दाबला जात नव्हता. खिटीच्या आकड्याचा स्क्रू दोन्ही बाजूंना सारखा, अर्ध्या-अर्ध्या आट्यानं आवळला. जोर लावून आवळायची हौस इथे आवरावी. खिटी लावताना हाताला ठाम लागावी, पण त्यासाठी टपावर वजन टाकावं लागू नये. कापड ओढून धरणाऱ्या, काचेच्या वरच्या बाजूनं जाणाऱ्या तारा शाबूत होत्या. त्या तुटल्या असत्या तर वेगात टपाची कड फुगून वर आली असती आणि खाली कितीही जुळवणी केली तरी गळती राहिली असती.

दरवाज्याचं काम झटपट संपलं. उघडा दरवाजा मागच्या टोकाला धरून वर उचलून पाहिला, बिजागरीत खेळ नव्हता.

पिलरवरचं सिलिकॉन काढणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत चिकट प्रकरण. आंबट वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि उघड्या पत्र्यावर ते गंजाला आमंत्रण असतं. त्याचा अंश राहिला तर पुढे ना रंग धरतो ना टेप चिकटते. लाकडी आणि प्लास्टिकच्या पट्टीनं ते खरवडून काढलं, राहिलेला अंश घासून आणि पुसून काढला, गंज साफ केला, प्रायमर आणि रंग दिला. मग ब्यूटाइल टेपचा (मऊ, चिकट रबरी पट्टीचा) थर देऊन, प्रत्येक स्क्रूभोवतीही तो येईल असं पाहून, पट्टी लांबट भोकांच्या मध्यावर बसवली. ब्यूटाइल वाळून कडक होत नाही, आणि पुढे कोणाला पट्टी काढायची वेळ आली तर सुटतंही. सिलिकॉन भरणाऱ्यानं पुढच्या माणसाचा विचार केलेला नसतो, हा माझा जुना राग आहे.

आता काच. डोअर पॅड, म्हणजे दरवाज्याचं आतलं आच्छादन, काढलं, मागचा प्लास्टिकचा पडदा न फाडता सोडवला आणि काच धरणारे नट उघडे केले. बिनचौकटीच्या काचेला तीन प्रकारे हलवता येतं: वर कुठे थांबायचं, पुढे-मागे किती, आणि आत किती कलायचं. काचेची उंची आधी बघितली, कारण वरची कड रबराच्या बाहेरच्या ओठाखाली गेलीच नाही तर कल देऊन उपयोग नाही. ती जराशी खाली थांबत होती, तिचा वरचा थांबा हलवून घेतला. पुढे-मागे हात लावायची गरज पडली नाही.

कल देणारा स्टड दरवाज्याच्या तळाशी असतो. काच कमरेपाशी टेकून झुलते, म्हणून खालचं टोक बाहेर ढकललं की वरची कड आत येते, आणि कमरेच्या वरचा भाग लांब असल्यामुळे वर ती जास्त सरकते. या गाडीत खाली एक मिलिमीटर म्हणजे वर सुमारे दोन. त्यामुळे दहा नंबरच्या पान्यानं नट अगदी थोडा फिरवायचा, दरवाजा लावायचा, पावडर बघायची, परत थोडा. वरची कड सुमारे दोन मिलिमीटर आत आल्यावर पट्टा पुढच्या कोपऱ्यापर्यंत सलग, पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा उमटला. कागदाची पट्टीही पुढे-मागे सारखीच अडायला लागली.

इथे मोह होतो की अजून जरा आत घ्यावी, म्हणजे पाणी कायमचं बंद. तसं केलं की दरवाजा लावताना काच रबराच्या ओठावर आदळते, ओठ आत दुमडतो आणि काही महिन्यांत फाटतो. मशीनवर ताण येतो तो वेगळाच. या गाडीत दरवाजा उघडला की काच आपोआप सेंटिमीटरभर खाली येते आणि लावला की वर जाऊन ओठाखाली घुसते. काच जास्त उंच किंवा जास्त आत असेल तर ती सेंटिमीटरची सूट अपुरी पडते. जुळवणीनंतर, आणि बॅटरी काढली असेल तेव्हा हमखास, काचेला तिची वरची हद्द परत शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरतात, पण नेमकी पद्धत त्या गाडीच्या पुस्तकातच बघावी. हे राहून गेलं की काच जरा खालीच थांबते आणि सगळ्यांना वाटतं जुळवणी फसली.

दिसत नसलेली गळती

शेजारच्या बाजूला पावडरीचा पट्टा पहिल्यापासूनच चांगला होता. तळहाताचा दाब दिला, झारी धरली, वर काही नाही. तरी कार्पेट ओलं. असं पाणी पावसाचंच आहे याची आधी खात्री करावी: एसीचं पाणी जाणारी नळी तुंबली की कोरड्या हवेतही याच बाजूचं कार्पेट भिजतं, आणि पाणी हाताला बुळबुळीत, गोडसर वासाचं लागलं तर ते हीटरमधून झिरपणारं कूलंट असतं. इथलं पाणी स्वच्छ होतं आणि पाऊस पडल्यावरच येत होतं.

डोअर पॅड काढताच कारण समोर होतं. मागे कधीतरी स्पीकर बसवताना पडदा कापला होता आणि परत चिकटवताना त्याची खालची कड दरवाज्याच्या पत्र्यावर, पोटाच्या बाहेर, पॅडच्या बाजूनं चिकटवली होती. ती कड खाचेतून दरवाज्याच्या पोटात जायला हवी. पोटात येणारं पाणी मशीनच्या दांड्यांवर आपटून पडद्यावर उडतं आणि पडद्यावरून खाली ओघळतं. कड आत असेल तर ते परत पोटात पडतं आणि भोकांतून जातं. कड बाहेर असेल तर पडदाच पाण्याला हाताला धरून पॅडच्या मागे, उंबऱ्याच्या रबराच्या आतल्या बाजूला आणून सोडतो. काचेवर झारीनं पाणी घालत आत टॉर्च मारल्यावर हे सगळं उघड दिसत होतं. वर न दिसणारी गळती नेहमी हीच असते असं नाही, पण पूर्वी स्पीकर, मशीन किंवा कुलूप बदललेलं असेल तर मी रबराकडे बघायच्या आधी पॅड काढतो.

दरवाज्याच्या तळाची भोकंही गाळानं अर्धी बुजली होती. ती लाकडी काडीनं मोकळी केली. स्क्रूड्रायव्हर घातला की आतला रंग निघतो आणि तळ गंजतो. पडदा नवा कापून, ब्यूटाइलनं चिकटवून, खालची कड आत सोडली.

काचांचा विषय नसला तरी सीटमागची टपाची पन्हळ बघून घेतली. तिच्या दोन्ही नळ्यांत पाचोळा होता. लवचिक प्लास्टिकच्या तारेनं त्या साफ केल्या. हवेचा जोर लावला तर आतला जोड सुटू शकतो, आणि मग तिथे हात पोचत नाही.

कार्पेट वाळवणं लोक उन्हावर सोडून देतात. वरचं कापड एका दिवसात कोरडं लागतं, पण खालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसतो. बाष्प, कुबट वास आणि जमिनीवरच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज, सगळं तिथूनच येतं. म्हणून सीट काढून कार्पेट उचललं, फोम दाबून पाणी काढलं आणि पंख्याखाली पूर्ण वाळू दिलं. सीटखाली एअरबॅगचे जोड असतात. बॅटरी काढून, पुस्तकात दिलेला वेळ थांबूनच त्यांना हात लावावा.

सगळं बसवल्यावर त्याच चाचण्या त्याच क्रमानं परत केल्या: कागद, पावडर, झारी, तळहाताचा दाब. मग भर पावसात मोठ्या रस्त्यावर वेग धरून फेरी मारली. मांडीवर थेंब नाही. पूर्वी कोपऱ्यातून येणारी बारीक शिट्टीही बंद झाली होती. मालकानं ती कधी तक्रारीत सांगितली नव्हती, टपाची गाडी म्हणजे आवाज असणारच अशी त्याची समजूत होती. खरं तर पाणी येण्याच्या कितीतरी आधी अशी शिट्टी सुरू होते. पुढच्या पावसांत शेजारच्या कार्पेटखाली ठेवलेली वर्तमानपत्राची घडी कोरडीच राहिली.

रबराला मालकानं आता सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात अधूनमधून द्यायचा आहे. व्हॅसलिन किंवा खनिज तेलाचा कुठलाही स्प्रे नाही, कारण हे रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं आणि खनिज तेलानं ते फुगून मऊ पडतं. दरवाज्याची भोकं आणि टपाच्या नळ्या पावसाळ्याआधी मोकळ्या करायच्या. पाऊस थांबल्या थांबल्या दरवाजा उघडला तर रबराच्या ओठावर साचलेले चार थेंब सीटच्या कडेवर पडतात. ते या रचनेतच आहे, त्यावर काही केलेलं नाही. शेजारच्या बाजूचं जुनं रबर दाबून दाबून चपटं व्हायला लागलं आहे, पण पट्टा अजून सलग उमटतो, तोवर ते बदलायची गरज नाही.